ईशान्य कोपऱ्यातला राणीछाप

हातातलं धातू शोधायचं मशीन पुन्हा गुरगुरलं, आणि हरीशरावांनी भर बागेत त्याला अशी सणसणीत शिवी हासडली की कुंपणापलीकडे कपडे वाळत घालणारी शेजारीण हातातला टॉवेल तसाच धरून थांबली. तिला मराठी येत नव्हतं, पण शिवी समजायला भाषा लागत नाही. हरीशराव तिच्याकडे बघून कसनुसं हसले आणि गुडघ्यावर हात टेकत खाली बसले. खुरप्याने माती उकरली. निघाला खिळा. गंजलेला, वाकडा. तसल्या खिळ्यांनी शेजारची बादली निम्मी भरली होती.

"लोखंड गाळलंय ना मी?" ते मशीनवर खेकसले. "मग खिळ्याला कशाला बोंबलतंयस?"

मशीनने काही उत्तर दिलं नाही. तेवढं बरं केलं.

इंग्लंडमधलं, मेडनहेडचं घर विकायचं ठरलं होतं. मुलगा समर नॉटिंगहॅमला डॉक्टर. त्याच्या घरापासून चालत जाता येईल असा, लिफ्ट असलेला फ्लॅट बघून झाला होता. गुडघे गेलेल्या माणसाला जिना आणि बाग काय करायची? गिऱ्हाईकही चांगलं भेटलं होतं. तरुण जोडपं, हसतमुख आणि घाईत. सॉलिसिटरने मंगळवारी करारांची अदलाबदल करून सौदा पक्का करायचा, की विषय संपला. आणि इतकं सगळं जमून आल्यावर सीमाताईंनी, ज्यांनी उभ्या संसारात नवऱ्याच्या कुठल्या बेताला कधी आडकाठी केली नव्हती, एकच अट घातली.

"बागेत माझा रुपया पुरलाय. तो काढून द्या, मग मी निघते. नाहीतर तुम्ही व्हा पुढे."

रुपया म्हणजे राणीछाप, चांदीचा. लग्न होऊन सीमाताई इकडे यायला निघाल्या तेव्हा त्यांच्या आईने तो लक्ष्मीपूजनाच्या डबीतून काढून हातावर ठेवला होता. पुढे स्वयंपाकघर वाढवायचं काढलं तेव्हा त्यांनी भूमिपूजनाला तोच वापरला. हरीशराव नेमके कामासाठी ॲबर्डीनला गेले होते. गुरुजी काही मिळाले नाहीत. मग पूजेची कॅसेट लावून, सहा वर्षांच्या समरला शेजारी बसवून बाईने पूजा उरकली आणि रुपया शास्त्राप्रमाणे प्लॉटच्या ईशान्य कोपऱ्यात पुरला.

आता ईशान्य नेमकी कुठे, याचाच घोळ होता.

"सूर्य बघून ठरवली मी," सीमाताई म्हणाल्या.

"मेडनहेडला? सूर्य?"

"होता त्या दिवशी थोडा."

त्या थोड्याशा सूर्याच्या भरवशावर हरीशराव आता मागची अर्धी बाग पालथी घालत होते. घेणारे लोक तिथेच काँक्रीट ओतून ऑफिसची केबिन उभी करणार होते, त्यामुळे रुपया आत्ता निघाला तर निघाला.

हरीशराव म्हणजे आयुष्यभर कारखान्यांतली मोजमापाची यंत्रं जुळवून देणारे इंजिनिअर. कुठलंही मशीन आपल्यापुढे सरळ येतं, हा त्यांचा जुना अभिमान. रेडिंगच्या एका माणसाकडून त्यांनी वापरलेला मेटल डिटेक्टर आणला, यूट्यूबवर चार व्हिडिओ पाहिले आणि शनिवारी जेवणापर्यंत रुपया काढून दाखवतो असं जाहीर केलं. तो शनिवार होऊन गेला. त्याच्या पुढचाही होऊन गेला.

डिस्क्रिमिनेशन वाढवलं, म्हणजे नको असलेले धातू गाळले, की मशीन मुकं व्हायचं. कमी केलं की सगळी बाग एकदम बोलायला लागायची. सेन्सिटिव्हिटी चढवली की मशीनला शेजारच्यांच्या वायफायचासुद्धा वास यायचा. मग रिकव्हरी स्पीड म्हणून एक प्रकरण होतं. एक आवाज संपवून मशीन दुसरा किती लवकर ऐकतं, तो वेग. तो वाढवला की खिळ्याला खेटून पडलेलं नाणं वेगळं ऐकू येतं म्हणे. हरीशरावांना त्यामुळे फक्त दोन खिळे वेगवेगळे ऐकू आले. वाकडा खिळा तर महालबाड. एका बाजूने मशीनची तबकडी फिरवली तर चांदीसारखा गोड वाजायचा, आडवं येऊन फिरवली की गुरगुरायचा. एकदा मात्र दोन्ही बाजूंनी गोड वाजलं. हरीशरावांनी घाईघाईने कोपरभर खणलं आणि हाताला दहा पेन्स लागले. नाण्यावर राणीच होती, पण दुसरी.

आणि हे खिळे कुणी बाहेरच्याने आणून टाकले असते तर त्याला शिव्या घालून मन तरी मोकळं झालं असतं. दर नोव्हेंबरात बॉनफायर नाइटला कुठूनकुठून फुकटची लाकडी पॅलेट्स गोळा करून मागच्या कोपऱ्यात पेटवणारे हरीशरावच, आणि गुलाबांना चांगली म्हणून ती राख बागभर पसरणारेही तेच. राख गुलाबांनी खाल्ली. पॅलेटमधले खिळे जागच्या जागी राहिले. सीमाताई हे एकदाच बोलल्या, तेही चहा ओतता ओतता, पण बोलल्या.

रविवारी दुपारी हरीशराव चिखलाचे बूट दाराबाहेर आपटून आत आले.

"मला एक सांग, तो रुपया पुरलास कशात? नुसता मातीत, की तांब्याचा गडू होता?"

सीमाताई मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "पूजेचं होतं ते. जसं पुरतात तसं पुरलं."

"म्हणजे तांबं. उत्तम!" हरीशरावांना एकदम हुरूप आला. "पूजेत लोखंड काही कुणी ठेवत नाही. म्हणजे चांदी आणि तांबं, बाकी सगळं कचरा. लोखंड मुळात ऐकायचंच नाही!"

"तुम्हाला त्यातलं कळतं," सीमाताई म्हणाल्या आणि काड्या वेगळ्या करत राहिल्या.

हरीशरावांनी चहासुद्धा न घेता बाहेर जाऊन लोखंडाचा आवाज पार बंद केला. त्यावर आयर्न बायस नावाची आणखी एक सेटिंग टोकाला नेली, म्हणजे लोखंडाचा नुसता संशय आला तरी मशीनने तोंड मिटून बसावं. आणि मशीन खरंच मिटून बसलं. संध्याकाळपर्यंत हरीशरावांनी सगळा कोपरा आडवा आणि उभा विंचरला. आवाज आला तो एका चॉकलेटच्या चांदीचा आणि एका कॅनच्या कडीचा. कंबर धरली. डोकं फिरलं. वर शेजारीण कुंपणावरून विचारती झाली, "एनी ट्रेझर, हॅरी?" तेव्हा ते मशीन तिच्या बागेत भिरकावून द्यावं असं त्यांना मनापासून वाटलं.

सोमवारी सकाळी सॉलिसिटरचा फोन आला. घेणारे विचारताहेत, उद्याचं नक्की ना? हरीशराव हो म्हणाले, फोन ठेवला आणि सीमाताईंवर घसरले.

"एका रुपयासाठी किती ताणायचं? तसले राणीछाप ऑनलाइन पडलेत ढिगाने. हवे तर दोन मागवतो!"

"मागवा की," सीमाताई शांतपणे म्हणाल्या. "मी नाही निघायची."

त्या शांतपणाने हरीशरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. भांडली असती तर समजूत तरी काढता आली असती. ते तणतणत बाहेर आले, तोच समरचा फोन आला. त्याला सामानाच्या व्हॅनचं बुकिंग करायचं होतं.

"बाबा, व्हॅन शुक्रवारला चालेल ना? आणि आईची कॉइन? फाइंड झाला?"

"कुठला फाइंड! लोखंडाने जीव खाल्लाय. तो तांब्याचा गडू काही वाजत नाही."

"गडू?" समर हसला. "गडू नव्हता, बाबा. बिस्किटचा टिन होता. शॉर्टब्रेडवाला, रेड टार्टन चेक्सचा. आय रिमेंबर इट सो वेल. आईने सगळी बिस्किट प्लेटमध्ये काढला आणि टिन मातीत बरी केला, मी खूप रडला होतो. आई पण हसते अजून त्यावर. लास्ट वीकला फोनवर आम्ही तेच बोलत होतो."

हरीशरावांनी मशीनकडे पाहिलं. बिस्किटांचा डबा, म्हणजे पत्रा. पत्रा म्हणजे लोखंड. आत चांदी असो नाहीतर सोनं, मशीनला दिसणार तो पत्रा. आणि कालपासून त्यांनी मशीनला बजावून ठेवलं होतं की लोखंडाकडे ढुंकून बघायचं नाही.

पण कान तापले ते यामुळे नाही. मागच्या आठवड्यात बायकोला डबा आठवत होता. तिने खिडकीतून सगळं पाहिलं होतं, ते गुडघे टेकून खिळे वेचत होते ते, कंबर धरून उठत होते ते, आणि तिने डब्याचा ड सुद्धा काढला नव्हता. हरीशरावांना असा संताप आला की फोन कधी ठेवला तेही कळलं नाही.

त्यांनी सगळ्या सेटिंग उतरवल्या. गाळणं बंद. लोखंडाचा आवाज पूर्ण मोठा. बाग पुन्हा कलकलायला लागली, पण आता त्यांना काय ऐकायचं ते माहीत होतं. खिळा टुचकन वाजतो आणि संपतो. त्यांना हवा होता रुंद, पसरट आवाज. गुलाबाच्या शेवटच्या झुडपापाशी तो आला. तबकडी हातभर सरकवली तरी गुरगुर सुटेना. या जागेवरून ते आठ दिवसांत कितीदा गेले असतील, देव जाणे.

फावडं टण्णकन आदळलं. आधी प्लॅस्टिकची पिशवी आली, तिच्या आत डबा. झाकणावरचा लाल रंग अजून टिकून होता. हरीशरावांचा राग क्षणभर कुठल्या कुठे गेला. जिंकले होते ते! चिखलाच्या बुटांनिशी ते थेट स्वयंपाकघरात घुसले आणि डबा टेबलावर ठेवला.

"हा घे! म्हणे गडू!"

सीमाताईंनी डब्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. ओशाळला नाही, पडला. हरीशरावांच्या ते लक्षात आलं, पण हात झाकणाशी झटत होते. सुरीच्या टोकाने झाकण उघडलं. आत हळदीने पिवळं पडलेलं फडकं, तांदळाचा भुगा, काळा पडलेला रुपया आणि त्याच्याशेजारी वाळून खडा झालेली एक सुपारी.

"ही सुपारी कशाला?"

"पूजेला जोडीने बसतात," सीमाताई म्हणाल्या. "तुम्ही ॲबर्डीनला होता. नवरा हजर नसला की त्याच्या जागी सुपारी ठेवतात. ते तुम्ही आहात."

हरीशरावांनी सुपारी उचलली, बघितली आणि परत ठेवली. सीमाताईंनी रुपया पदराला पुसून मुठीत घेतला आणि त्या उठल्या. "सापडला. बोलल्याप्रमाणे निघते मी. रिकामे खोके कुठे ठेवलेत?"

"थांब. डब्याचं सांगितलं का नाहीस? आठ दिवस मला मातीत लोळवलंस!"

"काढून द्या म्हटलं की हा माणूस आधी विचारेल, तुला खरंच यायचंय का, असं वाटलं होतं मला. तुम्ही विचारलंत, गडू तांब्याचा होता का."

"म्हणजे तुला नॉटिंगहॅमला यायचंच नाहीये?" हरीशरावांचा आवाज उगाचच चढला. "मग ठरलं तेव्हा बोलायचं होतंस!"

"ठरलं तेव्हा मी वर इस्त्री करत होते. तुमचं आणि समरचं फोनवर ठरलं. तुम्ही जिन्यातून हाक मारून सांगितलंत, अगं, ठरलं बरं का." त्यांनी डब्याकडे बोट केलं. "तुम्ही नव्हता, तर मी तुमच्या जागी निदान सुपारी ठेवली. माझ्या जागी तुम्ही काय ठेवलं होतंत?"

हरीशरावांचा आठ दिवस साचलेला राग आता काढायला समोर स्वतःखेरीज कुणी नव्हतं. खिशातला फोन वाजायला लागला. सॉलिसिटरच असणार. तो त्यांनी न बघताच बंद केला आणि तिच्यासाठी खुर्ची ओढली.

"बस," ते म्हणाले. "सांग."

सीमाताईंनी खुर्चीकडे पाहिलं, मग त्यांच्या चिखलाने भरलेल्या हातांकडे.

"आधी हात धुऊन या," त्या म्हणाल्या. "वेळ लागेल."