हळदीच्या गाण्यासाठी आणलेले दात

मी एक जुनी कवळी आहे, मित्रांनो. वाटूरच्या चतुराबाईंचे वरचे-खालचे दात म्हणजे मी. त्या आता नाहीत, पण माझी गोष्ट आनंदाची आहे.

१९९४ साली परतूरच्या गयासोद्दीन डॉक्टरांनी मला घडवलं. नातीच्या हळदीला पंधरा दिवस होते. पूर्वी गावातली प्रत्येक हळद चतुराबाईंच्या गाण्यानं लागायची. दात गेले, शब्द फुसके झाले आणि बाया त्यांना गायला सांगेनाशा झाल्या. नातीच्या हळदीला तरी गायचंच, म्हणून त्यांनी मला आणलं.

"आजी, आजपासून रोज घाला," डॉक्टरांनी बजावलं. "सुरुवातीला तोंडाला लई पाणी सुटंल, बोलणं अडखळंल. नरम खा, दोन्ही बाजूंनी चावा. झोपताना काढून पाण्यात ठेवा."

मला केवढा हुरूप आला होता! पण घरी येताच चतुराबाईंनी मला नव्या लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवलं. चांगली वस्तू कार्यालाच काढायची, ही त्यांची रीत. दहा दिवस मी कोरडी पडून राहिले.

अकराव्या दिवशी त्यांच्या मालकांनी, काकासाहेबांनी, पेटी उघडली.

"अगं, दात काय पैठणी हाय का, घडी मोडू न्हाई म्हणून?"

"हळदीला नवे दिसाया पाहिजेत."

"दिसायला न्हाई, गायला आणलेत. घाल आत्ताच!"

मंडळी, काय धांदल उडाली! लाळ आवरेना. "सासर" म्हणायला गेल्या की शिट्टी वाजायची. काकासाहेब पोट धरून हसायचे.

"नवरी पळून जाईल गं!"

"हासा. तुमचे पडू द्या, मंग बघते."

तिसऱ्या दिवशी हिरडी सोलली. डॉक्टरांनी माझी टोचणारी कड घासली. चतुराबाई मऊ खिचडी खात आणि दिवसभर गात राहिल्या.

हळदीचा दिवस आला. बाया गोळा झाल्या. पहिल्याच ओळीत मी जराशी सरकले! चतुराबाईंनी जिभेनं मला दाबून धरलं, सूर लांबवला आणि "सासर" शब्द लख्ख उमटला.

"चतुराबाई, थांबू नका, अजून एक!" बायांतल्या मालनबाई ओरडल्या.

एक कसलं? नवरी पिवळीधमक होईस्तोवर आम्ही गात होतो!

मित्रांनो, आमच्यासारख्यांना हळुवार घासा, उकळत्या पाण्यात घालू नका. आणि आणलेली वस्तू वापरा. त्यानंतर सहा वर्षं, अगदी शेवटपर्यंत, चतुराबाई रोज गायल्या. तरी गाण्याविना पेटीत गेलेले ते दहा दिवस काकासाहेबांना अजून परत हवे आहेत.