गोठ्याचा खांब

नाथाने ऐनाच्या बुंध्याला पाठ टेकली, पाय लांब केले आणि कोयता मांडीवर आडवा ठेवला. समोर प्रदीप उभा होता, खांद्यावर कुऱ्हाड घेऊन. मागे गावातले चार गडी. कंपनीतली शिफ्ट बदलून प्रदीप होळीसाठी मुद्दाम रोह्याहून गावी, कासूला आला होता.

"काका, उठा. होळीचं लाकूड म्हंजे चोरी नाय."

"ठाव हाय. म्हणून तर बसलोय."

ते खरंच होतं. होळीसाठी कुणाचं झाड तोडा, कुणाचा दरवाजा उचलून न्या, त्या दिवशी मालकाने तक्रार करायची नसते. मागून घेतलेल्या लाकडाची होळी होत नाही, चोरलेल्याचीच होते. सहा वर्षं कुऱ्हाडबंदी पाळलेलं गाव आजच्या दिवसापुरतं मोकळं होतं. आजवर हा प्रश्न आला नव्हता, कारण माळावर चोरण्याजोगं काही नव्हतंच.

कोळशाच्या भट्ट्यांनी माळ कधीच बोडका केला होता. उरलंसुरलं भाताची रोपं करायच्या आधी शेतात राब भाजायला गेलं. मग एका संस्थेची माणसं आली, त्यांनी रोपं लावली, ती दोन उन्हाळ्यांत वाळून गेली. शेवटी ठरलं की लावायचं काही नाही, फक्त तोडायचं नाही आणि चारायचं नाही. ऐनाची जुनी खोडं जमिनीत जिवंत होती. गावाने नाथाला राखणीला बसवलं. खोडाला चांगले दहा धुमारे फुटायचे, त्यातला एक ठेवून बाकीचे कापायचे, एवढंच काम. एवढ्याच कामाने तो थकून गेला होता. ज्याला हटकावं तो भावकीतलाच निघायचा. राखणदाराची गुरं माळावर दिसली तर बाकीचे कशाला ऐकतील, म्हणून त्याने पहिल्याच वर्षी बैलजोडी विकली. रिकामा गोठा मात्र त्याची बायको आवडी रोज सकाळी झाडत राहिली, जणू बैल संध्याकाळी परत येणार होते.

"एकच झाड," प्रदीप म्हणाला. "सगळ्यात सरळ ह्येच हाय."

"आज होळीला एक. उद्या राबाला फांद्या. मग व्हता तसा माळ." नाथाचा आवाज चढला नाही. "तुमी पाच जण. मला उचलून बाजूला ठेवा नि तोडा. मी आता भांडत नाय."

त्यांनी खरंच उचललं असतं तर त्याला सुटल्यासारखं वाटलं असतं, इतका तो कंटाळला होता. पण प्रदीप थोडा वेळ घुटमळला आणि सगळे उतरू लागले. दिवस मावळला की ते परत येतील, हे नाथाला ठाऊक होतं.

खाली झऱ्यावर आवडी हंडा भरत होती. हा झरा पूर्वी शिमग्याआधीच आटायचा. तिने प्रदीपला थांबवलं, काहीतरी सांगितलं. वरून नाथाला नुसता तिचा हात घराच्या दिशेने हललेला दिसला.

तो बसूनच राहिला. ऊन उतरलं, कुणी आलं नाही. मग गावातून ढोल ऐकू आला. होळी उभी राहिली होती. कशाची, ते त्याला कळेना. तो गुडघ्यांवर हात टेकून उठला आणि खाली गेला.

देवळासमोर खांब उभा होता, टोकाला आंब्याचे टहाळे बांधलेले. नाथा जवळ गेला. कमरेच्या उंचीवर लाकूड घासून गुळगुळीत झालं होतं आणि त्यात दाव्याची खाच होती. त्याने तिच्यावर बोट ठेवलं. बैल इथेच मान घासायचे.

आवडी नैवेद्याचं ताट घेऊन आली.

"तू दिलास गो?"

"देईन कशी? दिलेल्याची होळी व्हत नाय." ती ताटाकडे बघत म्हणाली. "चोरला त्यांनी. मी घरात पोळ्या लाटत व्हते."

"गोठा बसला असंल."

"बसला."

नाथाला रडू आलं. धुराच्या आधीच डोळे पुसायला लागल्याचं त्याला वाईट वाटलं, पण आवडी तिकडे बघत नव्हती. होळी पेटली तशी तिने पुढे होऊन पोळी जाळात सोडली.

सकाळी ती नेहमीसारखी अंगण झाडत निघाली. गोठ्याच्या पडलेल्या कौलांपाशी आली तशी थांबली. केरसुणी तिथेच ठेवली, हंडा उचलला आणि झऱ्याकडे चालू लागली.