दुसरा ठोका

सुताराने भरदुपारी घरात शिरलेल्या चोराला हातोडीने लोळवलं, आणि पुढचे दोन दिवस त्याचे पाय जमिनीवर नव्हते. दुकानदार उठून हात मिळवत होते. एरवी ओळख न देणारा शेजारचा मास्तर घरी येऊन चहा पिऊन गेला. सुतारही असा बोलघेवडा, की ऐकणारा भेटला रे भेटला की गोष्ट पुन्हा पहिल्यापासून.

"पहिला ठोका हलका, खिळा बसवायला. दुसरा जोरात, आत घालायला. चाळीस वर्षांचा हात आहे!"

लोक हसायचे, टाळी द्यायचे. हेच वाक्य त्याने पोलीस ठाण्यातही ऐटीत सांगितलं, लिहिलेल्या जबाबाखाली सही केली आणि घरी येऊन पोटभर जेवला. जिभेला हाड नसलं की हे असं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बायकोची भाची आली. ती वकील. दारातच म्हणाली, "काका, तो माणूस पहाटे वारला."

सुतार मटकन खाली बसला. मेला? परवा तर दवाखान्यात शुद्धीवर आला म्हणत होते! बायको शेजारी येऊन बसली, तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"चोर होता तो," सुतार कसाबसा म्हणाला. "माझ्या घरात शिरला होता."

"म्हणूनच मारलंत, त्याबद्दल कायदा तुम्हाला धरत नाही. पण धोका आहे तोवरच. धोका संपला की मारायचा हक्कही संपला. आता नीट सांगा. पहिला फटका?"

"कपाट उचकटत होता. माझीच पटाशी घेऊन. मला बघून ती उगारून अंगावर आला. मी हातोडी मारली, खांद्यावर."

"यात तुमची काही चूक नाही. दुसरा?"

"डोक्यात."

"मागून. डॉक्टरांनी तसं लिहिलंय. तेव्हा पटाशी होती त्याच्या हातात?"

उत्तर बायकोने दिलं.

"खाली पडली होती गं. मीच पायाने पलंगाखाली ढकलली. तो रडत होता, जाऊ द्या म्हणत होता. मी दार उघडलं. म्हटलं, जा बाबा."

उघडं दार सुताराने एकदाही कुणाला सांगितलं नव्हतं. गोष्ट रंगवताना ते मधे येत होतं, म्हणून त्याने ते गाळलं, आणि गाळता गाळता स्वतःही विसरला.

"हाताची सवय," तो पुटपुटला. "एक मारला की दुसरा आपोआप पडतो."

"ती सवय तुम्ही जबाबात लिहून दिलीय, काका. 'आत घालायला.' खाली तुमची सही. आता एकच गोष्ट उरते. तो उलटून पुन्हा अंगावर येईल अशी भीती तुम्हाला वाटली होती का? मी खोटं पढवणार नाही. पण तुमच्या मनातलं तुम्हालाच ठाऊक."

बायको त्याच्याकडे टक लावून बघत होती. हो म्हणा, तिचे डोळे सांगत होते, अहो, हो म्हणा. एका शब्दाचं काम होतं. उरलेलं आयुष्य त्या एका शब्दावर होतं, हे सुतारालाही कळत होतं.

त्याने उजवा हात उलटासुलटा करून पाहिला.

"पहिल्या वेळी मी डोळे मिटले होते," तो म्हणाला. "इतका घाबरलो होतो. दुसऱ्या वेळी उघडे होते."

"आणि भीती?"

"नव्हती. बरं वाटत होतं, पोरी. फार बरं वाटत होतं."

बायकोने त्याच्या गुडघ्यावरचा हात काढून घेतला.