नऊ वाजताची चिंधी

"शिंपीकाकांना शिकवायला घेतेयस खरी, पण एकदा सवय लागली की सुटायची नाही हं," आई म्हणाली होती. मी हसण्यावारी नेलं. "लागली तर त्यांना लागेल, मला कशाला?"

तळमजल्यावरच्या काकांना परदेशातल्या नातीशी फोनवर बोलायचं होतं. तिला आपली भाषा येईना, त्यांना इंग्रजी. म्हटलं, आधी एकच क्रियापद पक्कं करू, 'टेक'. रोज एक वाक्य. काका ते कापडाच्या चिंधीवर खडूनं लिहीत आणि सकाळी नऊच्या ठोक्याला माझ्या दाराच्या कडीला बांधून जात. औषध घ्यायचं तरी टेक, बस पकडायची तरी टेक, फोटो काढायचा तरी टेक.

"आणि परीक्षा? आपण देतो, हे इंग्रजीवाले घेतात! मग देतं कोण गं पोरी?"

"मास्तर देतात, काका."

"शहाणेच दिसतात!"

एका मंगळवारी साडेनऊ झाले तरी कडी रिकामी.

"झोपले असतील," नवरा म्हणाला. "तू काय, झोपलेल्या बाळाच्याही नाकाशी बोट धरतेस!"

धरते. बाळाला काखोटीला मारलं आणि खाली गेले. दार आतून बंद, मशीनची खडखड नाही. हाक मारली, उत्तर नाही. खिडकी ढकलली तर काका मशीनशेजारी भुईवर! रीळ काढायला वाकले आणि गुडघा असा धरला की उठताच येईना. पहाटेपासून हाका मारून घसा बसलेला.

खिडकीतून हात घालून कडी काढली. काकांच्या भोवती फरशीभर खडूची वाक्यं.

"बसल्या बसल्या करू काय? आठवड्याचा अभ्यास उरकला," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

बाळ रांगत रांगत अभ्यास पुसायला लागलं. काकांना उठवता उठवता मला हसू आणि रडू एकदमच फुटलं.

"टेक युअर टाइम," काका म्हणाले. "मी कुठे पळतोय?"

डॉक्टरांनी पंधरा दिवस जिना बंद केलाय. आता चिंधी आणायला मीच खाली जाते, आणि पावणेनऊलाच चपला घालून बसते. आईला अजून सांगितलेलं नाही.

तुमच्याकडे रोज ठरल्या वेळी येणारं कुणी आज आलं नसेल, तर हे इथेच ठेवा. आधी त्यांचं दार वाजवून या.