चार आटे जास्त

"ऑर्नेला, गाडीला काय झकास नवं नाक बसवलंयस! लोण्यासारखी वळतेय," टिझियानो धावत्या रेसगाडीतून रेडिओवर ओरडला. "चला, आता वेगाची फेरी. तोंडं बंद!"

ती हसली. शेजारी जिल्दो, टीमचा म्हातारा मेकॅनिक, हात पुसत म्हणाला, "वळणारच. त्यानं मागितलेले चार आटे मी सकाळीच या नव्या नाकावर चढवून ठेवले होते."

"कुठले आटे?"

"पुढच्या पंखाच्या, विंगच्या स्क्रूचे, दुसरे कुठले?"

ऑर्नेलानं झटकन गाडी दाखवणाऱ्या पडद्याकडे पाहिलं. मेली ती घाई! जुनं नाक फुटलं, नवं लावलं आणि तिनंही आपल्या हातानं चार आटे फिरवले होते. विंग दुप्पट चढली होती. हळू वळणांत गाडी गोडच वागणार. पण वेग वाढला की हवा ती विंग खाली दाबणार, पुढची चाकं रस्त्याला चिकटणार आणि मागची हलकी होणार. चढावरच्या अर्राबियाता या वेगवान वळणावर टिझियानो ॲक्सिलरेटरवरून पाय काढत नाही. तिथं गाडीचं शेपूट फिरलं की खेळ खलास.

"अगं, सांग की त्याला!"

"कशी सांगू? गेल्या वर्षी मध्येच बोलले, तर भिंतीत गेला ना तो!"

तेव्हापासून हा नियम होता. वेगाच्या फेरीत त्याच्याशी कुणी, अगदी ऑर्नेलासारख्या सख्ख्या बहिणीनंही, बोलायचं नाही. बोलावं तर भीती, न बोलावं तर भीती. पडद्यावर गाडी चढ चढू लागली. तिनं बटण दाबलं. तोंडून नुसता 'टिझी'सुद्धा फुटेना. बोट मात्र तिनं बटणावरून उचललं नाही.

मागची चाकं सरकली. गाडी वळणाबाहेरच्या खडीत गेली आणि धुळीत दिसेनाशी झाली.

"मादोन्ना!" जिल्दोनं छातीवर क्रूस काढला.

मग धुळीतून नाक बाहेर आलं. रांगत रांगत गाडी त्यांच्यापाशी, दुरुस्तीच्या पिटमध्ये परतली. ऑर्नेला धावली, त्याचे खांदे, मान, हात चाचपू लागली.

"माझीच चूक रे. विंग दुप्पट चढवली मी. सांगणार होते, पण शब्दच फुटेना."

टिझियानोनं हेल्मेट काढलं. चेहरा पांढराफटक पडला होता.

"कानात तुझी धाप ऐकू आली," तो म्हणाला. "म्हटलं, ही एवढी घाबरलीय, म्हणजे काहीतरी आहे. वळणाआधीच पाय काढला, म्हणून खडीतच थांबलो."

ती तिथंच टायरवर बसली आणि हमसून हमसून रडली.