बाळसं देणारं पाणी

गोदामाच्या दारात सकाळपासून बायकांची नुसती झुंबड उडालेली. लढाईत गावं जळाल्यापासून सगळे या बंद गिरणीच्या आवारात राहत होते. पोरांच्या अंगावर बरगड्याच काय त्या उरल्या होत्या, आणि पाणीवाले बाबा म्हणे ओंजळभर पाण्यावर त्यांना बाळसं आणत होते!

"घोटभर पाजा, पोर भरलंच म्हणून समजा!" बाबा गरजत. "दवाखान्याच्या पाकिटांत युद्धाचं विष आहे. ती इथे ठेवा, मी उतरवतो."

विष उतरलेली पाकिटं जातात कुठे, हे कुणी विचारत नव्हतं. पोरांचे गाल खरोखर वर आले होते ना!

आवाराच्या दुसऱ्या टोकाला माझा दवाखान्याचा तंबू. औषधी दूध, शेंगदाण्याच्या पेस्टची पाकिटं, वजनकाटा आणि मी. पाकिटं वाटली की माझ्याकडे कुणी फिरकत नसे. जेवताना मी स्वतःशीच मोठ्याने बोलू लागले होते.

एका दुपारी एक तरुण आई आली. नवरा लढाईत बेपत्ता, सासरमाहेरचं कुणी उरलेलं नाही. कडेवर तेवढी लेक.

"डॉक्टरबाई, बाबांनी हिला बाळसं दिलं. पण ही हसत नाही हो. रडतसुद्धा नाही. शेजारणीची पोर अशीच गुबगुबीत झाली, आणि काल गेली."

मी मुलीच्या पावलावर अंगठा दाबला. उचलला, तर तिथे खड्डा. तो भरेचना.

"हे बाळसं नाही गं, सूज आहे. चल माझ्याबरोबर."

गोदामाच्या दारात, गर्दीसमोर मी बाबांच्या घागरीतलं पाणी चाखलं. खारट!

"अमृत आहे ते, माई! समुद्रदेवाचं वरदान!"

"मीठ आहे, बाबा. उपाशी शरीराला ते बाहेर टाकता येत नाही. मीठ पाणी धरून ठेवतं, पोर फुगतं, आणि आत काळजावर ताण येतो. बायांनो, आपापल्या पोराचं पाऊल दाबून बघा."

खड्ड्यावर खड्डे पडले. कुणीतरी ओरडलं, "बाई गं!"

"आता बाबांचं पाऊल दाबा. खड्डा पडतोय?"

एका म्हातारीने दाबलं. नाही पडला.

"ते खरं बाळसं. तुमच्या पोरांच्या पाकिटांवर आलेलं."

बाबांनी पाय आखडता घेतला. संध्याकाळी ते गोदामात नव्हते.

पण गोष्ट इथे संपली नाही. थोडं थोडं दूध देत गेले, तशी मुलीची सूज उतरली आणि खालची हाडं दिसू लागली. "डॉक्टरीणबाईंनी पोर वाळवली," बायका कुजबुजल्या. आई एकटी कोपऱ्यात बसून राही.

"ताई, ही संपतेय का?"

"पाणी उतरलंय. आता चढेल ते मांस." मी ठामपणे म्हटलं खरं, पण त्या रात्री दोनदा उठून मुलीचा श्वास बघून आले.

मग एका सकाळी मुलीने चमचा हिसकावला आणि वाटी रिकामी दिसताच भोकाड पसरलं. आई हसता हसता रडू लागली.

"हे मी कुणाला सांगू, ताई? कुणीच नाही."

"मला सांग," मी म्हटलं. तिने सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मी ऐकत बसले.

संकटात माणूस मिळेल तो हात धरतो, त्यात लाज कसली? पण तो हात आपल्या लेकराला काय पाजतोय, हे विचारा. चाखा, तपासा. विचारल्यावर जो पाय आखडता घेतो, त्याच्या हाती मूल देऊ नका.