धुळीबद्दल नेलाचं म्हणणं

"कोण होतं?" आर्मानने दारातून विचारलं.

"सरकार," नेला म्हणाली आणि तिने फोन आपटला. "म्हणे, तुमचं मत हवंय."

आर्मान हसला. हसता हसता खोकू लागला आणि दाराची चौकट धरून थांबला. मग म्हणाला, "मग दे की! तुझ्याकडे मतं काय कमी आहेत?"

"चाळीस वर्षांत यांना माझं मत नको होतं. आता एकाच आठवड्यात तिसरा फोन. काहीतरी शिजतंय."

नेला झाम्पिएरी एकोणसाठ वर्षांची होती. थडग्यांचे दगड घडवायची शेड तिला बापाकडून मिळाली होती. व्हरमाँटमधल्या आमच्या गावात अशा शेडी पूर्वी पन्नासेक होत्या, आता सात उरल्या. नेलाकडे आठ माणसं कामाला होती. करवत, पॉलिश, वाळूचा फवारा हे सगळं इतरांसारखंच. पण हाताने अक्षरं कोरून देणारी शेड आता तिची एकच. ती अक्षरं कोरायचा आर्मान थिबो. तो नेलाच्या बापाच्या वेळेपासून तिथे होता आणि नेलाला मालकीणबाई म्हणायचा तो फक्त चिडवायला.

फोन करणारी बाई वॉशिंग्टनहून बोलत होती. नाव मिस ग्रेंजर. दगडाच्या धुळीबद्दल नवा नियम येणार आहे, आणि तो लिहिण्याआधी छोट्या धंदेवाल्यांना विचारलंच पाहिजे असा कायदा आहे, असं तिने सांगितलं. देशभरातून पंधरा मालक निवडले होते. कागद पोस्टाने येतील, ते वाचायचे आणि ठरल्या दिवशी सगळ्यांनी मिळून फोनवर बोलायचं.

"माझं नाव कुणी दिलं तुम्हाला?" नेलाने तीनही वेळा हेच विचारलं होतं.

"ते मला सांगता येणार नाही, मिस झाम्पिएरी."

एवढं पुरेसं होतं. नेलाचा संशय त्या दिवशी जो जागा झाला, तो पुन्हा झोपला नाही.

शेजारच्या शेडचा दीनो कास्तेल्ली दुपारी कॉफी प्यायला आला, तेव्हा त्याने त्यात भरच घातली. "अगं, नियम केव्हाच लिहून झालाय. उद्या कुणी ओरडलं, की हे म्हणणार, आम्ही विचारलं होतं ना! त्यासाठी तुला बसवतायत. आणि तू जास्त बोललीस, की महिनाभरात तपासनीस दारात, धूळ मोजायची पेटी घेऊन. जा तू. बोल काय बोलायचं ते."

"म्हणजे नको बोलू?"

"बोल ना. पण काही सांगू नकोस."

कागद आले. एक्क्याण्णव पानं. नेला रोज सकाळी ओळीखाली पट्टी धरून वाचायची. सत्तेचाळिसाव्या पानावर तिची पट्टी थांबली. थडग्यांच्या छोट्या शेडींमध्ये, असं तिथे लिहिलं होतं, धूळ ओढून घेणारं झाकण अक्षरं कोरणारे कारागीर काढून ठेवतात, कारण झाकणामुळे कोरायची रेघ दिसत नाही.

तिने काचेतून बाहेर पाहिलं. आर्मान छिन्नी चालवत होता. झाकण त्याच्या डोक्यावरच्या खिळ्याला टांगलेलं होतं.

वॉशिंग्टनमधल्या माणसाला हे कसं कळलं? दीनोकडे अक्षरं फवाऱ्यानेच होतात, त्याला झाकणाचा प्रश्नच नाही. म्हणजे बोललं ते शेडमधलंच कुणीतरी. पुढचे काही दिवस नेला आठही माणसांकडे वेगळ्या नजरेने बघत होती. कोण फोनवर हळू बोलतं, कोण ती आली की गप्प होतं. पॉलिशवरच्या माणसाने सहज "कागद वाचून झाले का?" विचारलं, तर ती त्याच्या अंगावर गेली, "तुला रे कशाला पंचाईत?"

सोमवारी मालकांच्या संघाचा हॉल्डेन आला. डोनटचा खोका आणि एक टाइप केलेला कागद घेऊन. माणूस हसतमुख होता, आणि चिखलाच्या दिवसांतसुद्धा त्याचे बूट स्वच्छ होते.

"तुम्हाला डोकं शिणवायची गरजच नाही, नेला. हे वाचून दाखवायचं, बस."

तिने तिथेच वाचलं. नियम आला तर शेड बंद पडेल. नवी यंत्रं परवडणार नाहीत. इथवर तिला पटत होतं. मग एक वाक्य आलं: गेल्या तीस वर्षांत माझ्या शेडमध्ये धुळीमुळे एकही माणूस आजारी पडलेला नाही.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"का, पडलाय कुणी?"

"मला माहीत नाही."

"माहीत नाही ना? मग नाहीच पडलेला." हॉल्डेनने खोका तिच्याकडे सरकवला. "चॉकलेटचा घ्या, चांगला असतो."

तो गेल्यावर नेला तो कागद हातात घेऊन बराच वेळ बसली. बाहेरून आर्मानचा खोकला ऐकू येत होता. तो काही आजचा नव्हता. गेल्या हिवाळ्यात त्याला उबळ आली, की ती रेडिओ मोठा करायची. सिगारेट ओढतो, दुसरं काय, असं म्हणायची. त्याने सिगारेट सोडून अकरा वर्षं झाली होती, आणि हे तिला ठाऊक होतं.

मंगळवारी सगळे जेवायला बसले, तेव्हा ती त्याच्या बाकापाशी गेली. तो जेवत नव्हता. एका आडनावातलं शेवटचं अक्षर पुरं करत होता.

"आर्मान, वॉशिंग्टनला तू लिहिलंस?"

त्याने रेघ पूर्ण केली. खाली वाकून फुंकर मारली, आणि दोघांच्या मध्ये पांढरी धूळ उडाली.

"लिहिलं. युनियनच्या पत्रकात आलं होतं, कुणाला काही सांगायचं असेल तर कळवा म्हणून."

"माझ्या पाठीमागे?"

"तुझंच नाव दिलं. लिहिलं, की आमची मालकीण भांडकुदळ आहे, पण खोटं बोलत नाही. तिला विचारा."

"इतकी वर्षं माझ्या घरात जेवलास! आणि तुला रे काय पडलंय त्या नियमाचं? दोन वर्षांत घरी बसशील. माझी शेड बुडाली तर तुझं काय जातंय?"

आर्मानने छिन्नी ठेवली. डबा उघडला, सँडविच बाहेर काढलं आणि पुन्हा आत ठेवलं.

"नोव्हेंबरात डॉक्टरने छातीचा फोटो काढला," तो म्हणाला.

"आणि?"

"तुझ्या आजोबांचा काढला असता, तर असाच आला असता."

नेलाने आजोबांना कधी पाहिलं नव्हतं. इटलीहून दगडकामाला आलेला तो माणूस चव्वेचाळिसाव्या वर्षी, छातीत दगडाची धूळ बसून, टेकडीवरच्या इस्पितळात वारला. त्या काळी आमच्या गावातले अर्धे घरधनी तिथेच गेले. पुढे यंत्रांना धूळ ओढणाऱ्या नळ्या बसल्या आणि तो आजार आमच्या आज्यांच्या बोलण्यातच उरला, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

"नोव्हेंबर," ती म्हणाली. "आता एप्रिल आहे. मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू छिन्नी काढून घेतली असतीस."

"घेतलीच असती!"

"मग? तेच म्हणतोय मी."

तिने खिळ्यावरचं झाकण काढलं आणि त्याच्या छिन्नीला लावून पाहिलं. वाकून डोळा जवळ आणला. खरंच रेघ दिसत नव्हती. ही गोष्ट तिने आजवर स्वतः कधीच करून पाहिली नव्हती.

फोनच्या दिवशी तिने आर्मानला ऑफिसात बोलावून समोर बसवलं. "तूच लावलंस हे माझ्या मागे. आता ऐक." मिस ग्रेंजरने सगळ्यांचं स्वागत केलं, प्रत्येकाला पाच मिनिटं आहेत असं सांगितलं, आणि एकेक मालक बोलू लागला. ॲरिझोनाचा फरशीवाला म्हणाला, गेल्या तीस वर्षांत माझ्या कारखान्यात धुळीमुळे एकही माणूस आजारी पडलेला नाही. जॉर्जियाच्या विटावाल्याने तेच वाक्य म्हटलं, फक्त पंचवीस वर्षं केली. चौथ्या वेळी आर्मानने चार बोटं वर केली. नेलाने हॉल्डेनचा कागद उलटा करून ठेवला.

तिची पाळी आली.

"मला तुमच्यावर विश्वास नाही, हे आधी सांगते," ती म्हणाली. "नियम तुम्ही लिहून ठेवलाय असं माझा शेजारी म्हणतो. असेलही. तरी ऐका. तुमचं झाकण करवतीला ठीक आहे. हाताने अक्षर कोरताना ते रेघ झाकतं. माणूस ते काढणारच. तुम्ही दंड लावा, तो तुमच्यासमोर झाकण लावेल आणि तुम्ही गेलात की काढेल. मोठ्या कारखान्यांत हे काम होत नाही, म्हणून तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. छोटं, हातात मावेल असं काहीतरी बनवायला लावा कुणाला तरी, आणि आम्हाला ते घ्यायला दोन वर्षं द्या. एका वर्षात मागितलंत तर माझी शेड बंद होईल. हे रडगाणं नाही, खरं सांगतेय."

"धन्यवाद, मिस झाम्पिएरी."

"माझं संपलं नाही. माझ्यासमोर एक कागद आहे. त्यात लिहिलंय, माझ्याकडे कुणी आजारी नाही. आहे. एक माणूस आहे. मला ते गेल्या मंगळवारपर्यंत माहीत नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं."

फोनवर कुणीतरी घसा खाकरला. संघातर्फे फोन ऐकत बसलेल्या हॉल्डेनचा आवाज आला, "मला वाटतं, मिस झाम्पिएरींना लेखी निवेदन द्यायचं होतं..."

"हॉल्डेन, मी बोलतेय."

मग मिस ग्रेंजर म्हणाली, "शेवटचं वाक्य पुन्हा सांगाल का? नोंद करून घ्यायची आहे."

नेलाने पुन्हा सांगितलं. आर्मान खिडकीबाहेर बघत होता.

त्याच संध्याकाळी तिने त्याच्या छिन्न्या गुंडाळून त्याच्या गाडीत ठेवल्या. हाताने कोरायच्या कामाला ती नाही म्हणू लागली. दीनोने तर जूनपर्यंत तिच्याकडे कॉफी प्यायली नाही. "सगळ्यांच्या पोटावर पाय दिलास," एवढंच त्याने रस्त्यात ऐकवलं. जूनमध्ये तपासनीस आला. दोन दोष काढले, दंड मात्र केला नाही. "तुम्हाला माझं नाव कुणी दिलं?" नेलाने विचारलं. तो म्हणाला, यादीत होतं. कोणती यादी, ते त्याने सांगितलं नाही. दीनोची शेड त्याने पाहिली नाही, हे गावाने नीट लक्षात ठेवलं.

सप्टेंबरात वॉशिंग्टनहून अहवाल आला. नेला तो घेऊन आर्मानच्या घरी गेली. तो स्वयंपाकघरात बसला होता, नाकाला नळी, पायाशी प्राणवायूचं नळकांडं.

"वाच," तो म्हणाला.

तिने वाचलं. एका प्रतिनिधीने नमूद केले की हाताने अक्षरे कोरताना सध्याचे झाकण रेषा झाकते. अशा कामासाठी वेगळ्या साधनाचा आणि वाढीव मुदतीचा विचार व्हावा. मग दोन पानांपुढे: बहुतेक प्रतिनिधींनी आपल्याकडे आजार आढळला नसल्याचे सांगितले. एका प्रतिनिधीने एक कामगार आजारी असल्याचे सांगितले.

"एवढंच?" आर्मानने विचारलं.

"एवढंच. तुझं नाव नाही, माझं नाही. आणि विचार व्हावा म्हणजे काय, ते तुलाही माहितेय. चार वर्षं कपाटात पडून राहील. दीनो म्हणतो तेच खरं असणार."

"असेल." त्याने हात पुढे केला. "बघू दे."

तिने कागद दिला. त्याने चष्मा लावला, पान उजेडाकडे धरलं आणि अंगठ्याचं नख ओळीखालून हळूहळू फिरवत नेलं. मध्येच दम खायला थांबला.

"फार दाटीने बसवलीत अक्षरं," तो म्हणाला. "मध्ये जरा हवा सोडायला हवी होती."

मग त्याने पान उलटलं. त्याला वेळ लागत होता. नेलाने कागद परत मागितला नाही.